दिवाणखान्यातली गुहा

डिक्शनरीकाकांना शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याने आधी खुर्ची शोधावी, असा त्यांच्या इमारतीत अलिखित नियम होता. कारण काका नुसता अर्थ सांगून सोडत नसत. शब्द मूळचा कुठला, कोणाच्या तोंडी वाढला, कोणकोणत्या देशांतून भटकत आला, त्याचे भाऊबंद सध्या कुठे असतात, ही सगळी चौकशी झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शाळेत वक्तृत्वाच्या बक्षिसात मिळालेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी हे त्यांचं दैवत. काकू तिचा उपयोग वाऱ्याने दार आपटू नये म्हणून करत. काका दर वेळी ती उचलून, पुसून परत कपाटावर ठेवत, आणि दार आपटत राही.

काका एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात होते. हप्ते थकवलेल्या एका गृहस्थांना लिहिलेल्या कडक पत्रात त्यांनी, 'प्रीमियम' या शब्दाचा मूळ अर्थ 'बक्षीस' असा आहे, हेही जाता जाता कळवलं. गृहस्थांनी उलट टपाली विचारलं, की मग बक्षीस कधी पाठवताय. तेव्हापासून काकांची पत्रं साहेबांच्या नजरेखालून जाऊ लागली. हा अपमान काकांनी 'साहेबांना लॅटिन येत नाही' एवढ्या एका वाक्याबरोबर गिळून टाकला.

अशा माणसाला भर दिवाणखान्यात, चारचौघांसमोर एक शब्द अडला, आणि तोही साडूच्या दिवाणखान्यात.

साडू म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं नळांचं आणि पाइपांचं मोठं दुकान. त्यांनी नवीन घर बांधलं आणि सगळ्या नातेवाइकांना बघायला बोलावलं. दिवाणखान्यात पाऊल टाकलं तर छतावर सोनेरी पानं, भिंतीवर सोनेरी वेली, आरशाभोवती सोनेरी गुंडाळ्या, आणि उरलेल्या जागेत सोनेरी फुलं. बघून बघून मान दुखू लागली, कारण डोळ्यांना टेकायला जागाच नव्हती.

"सगळा हॉल रोकोको करून घेतलाय," साडू म्हणाले.

"रोकोको म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे..." साडूंनी हातातला पेला हवेत फिरवला, "महाग. बाकीचं आमची डिक्शनरी सांगेल. काय हो?"

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. शब्द ऐकल्यासारखा वाटत होता, पण गाव, कूळ, काही म्हणता काही आठवेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "त्याचा अर्थ तसा संदर्भावर अवलंबून असतो."

"म्हणजे माहीत नाही," साडू म्हणाले आणि गडगडून हसले. आपण अज्ञान कबूल न करता निसटलो, अशी काकांची आधी समजूत होती. घरी परतताना काकू सबंध वाट काही बोलल्या नाहीत, तेव्हा ती समजूत गेली.

काकूंच्या गप्प राहण्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या दिवाणखान्यातली भिंत होती. त्या भिंतीला ओल होती. डाग आधी बशीएवढा होता, तेव्हा काकूंनी त्यावर कॅलेंडर लावलं. डाग वाढला, तसं मोठं कॅलेंडर आणलं. पुढे त्यांनी तिथे सरळ एक पडदा लावला. पडद्यामागे खिडकी नव्हती. येणारा पाहुणा हवा यावी म्हणून हौसेने तो पडदा सारायला उठे आणि काकूंचा जीव वरखाली होई. सोसायटीचे सेक्रेटरी नेमके काकांच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहत. त्यांच्या बाथरूमचं पाणी मुरतंय असं काकू दर सभेत सांगत, आणि सेक्रेटरी दर सभेत सांगत, "ही ओल हवेतली आहे. हवेला सोसायटी जबाबदार नाही." या भिंतीपायी काकूंनी आपल्या सख्ख्या बहिणीला कैक दिवसांत घरी बोलावलं नव्हतं.

"ताई या रविवारी येते म्हणालीय," काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "मला सोनं नको, वेली नकोत. तेवढी भिंत खरवडून पांढरा रंग लावून घ्या. तिला एकदा आपल्या घरी ताठ मानेनं चहा द्यायचाय मला. शाळेच्या परीक्षा आहेत, मला मान वर करायला वेळ नाही. कराल ना एवढं?"

"अगं, त्यात काय," काका म्हणाले. त्यांच्या मांडीवर डिक्शनरी उघडी होती आणि चेहऱ्यावर तेज चढत होतं. हे तेज काकूंनी वेळीच ओळखायला हवं होतं, पण त्या उत्तरपत्रिकांत बुडालेल्या होत्या.

काकांना शब्दाचं मूळ सापडलं होतं. जुन्या काळी फ्रान्सातले बडे लोक आपल्या बागांत खोट्या गुहा बांधून घेत, आणि त्यांच्या भिंतींवर खरेखुरे शिंपले आणि गोटे बसवत. त्या कामाचं नाव 'रोकाय'. पुढे शिंपल्यांची तीच वळणं लाकडात, चुन्यात, सोन्यात उतरून घरांत शिरली. मग ती फॅशन ओसरली आणि नव्या पोरांनी म्हाताऱ्यांच्या आवडीची टर उडवायला त्या नावाचंच बोबडं केलं, रोकोको. म्हणजे साडू ज्या शब्दावर एवढे फुगले होते, तो मुळात टवाळीचा शब्द होता. आणि दुसरं म्हणजे, साडूंच्या अख्ख्या दिवाणखान्यात औषधालाही शिंपला नव्हता. काकांनी डिक्शनरी मिटली आणि ठरवून टाकलं की आपल्या भिंतीवर अस्सल काम करायचं, अगदी मुळातलं, आणि रविवारी साडूंना ते समोर उभं राहून समजावून सांगायचं.

तिथून समुद्र बराच लांब होता. म्हणून काका पाळीव मासे विकणाऱ्या दुकानात गेले.

"शिंपले हवेत," काका म्हणाले.

"टाकी केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"भिंतभर. दहा फूट लांब, नऊ फूट उंच."

दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं, वर पंखा सोडला, थंड पेय मागवलं. आपला एवढा आदर विमा कंपनीत कधी झाला नाही, हे काकांच्या मनात येऊन गेलं. टाकी नाही, नुसतीच भिंत आहे, हे सांगायचं त्या आदराच्या भरात राहून गेलं. दुसऱ्या दिवशी काका कचेरीत असताना दुकानाचा माणूस टेप घेऊन इमारतीत आला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर भिंतभर माशांची टाकी बसतीय, तिचं माप घ्यायचंय."

संध्याकाळी काका जिना चढत होते, तर दुसऱ्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर हातात कागद घेऊन उभे. ते काकांच्या बरोबर खाली राहत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना हिशेब करायला काही मिळालं नव्हतं.

"मी पाण्याचं वजन काढलंय," इंजिनिअर म्हणाले. "तुमचे मासे माझ्या पलंगावर येणार. नक्की कधी, तेवढंच सांगता येत नाही."

काकांनी त्यांना तिथेच जिन्यात सगळं समजावलं. फ्रान्सपासून सुरुवात केली, गुहा सांगितल्या, पोरांची टवाळी सांगितली. इंजिनिअरांना ते नुसतं पटलंच नाही, तर या कामावर देखरेख करायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली. काकांनी हे लगेच थांबवायला हवं होतं. पण आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

सेक्रेटरी मात्र बधले नाहीत. "मासे असोत की शिंपले, भिंतीला हात लावायचा तर वॉर्ड ऑफिसची परवानगी आणा," ते म्हणाले. भिंतीचा विषय निघाला की सेक्रेटरी भलतेच नियमाला धरून वागत. का, ते पुढे सगळ्यांना दिसलंच.

वॉर्ड ऑफिसात अर्ज घेणाऱ्या बाई एकट्याच होत्या. अर्जही त्याच घेत आणि तपासणीलाही त्याच जात, कारण तपासणीचे साहेब रजेवर गेले होते, ते रजेवरच राहिले होते. त्यांच्या कॉम्प्युटरात कामांचे प्रकार ठरलेले होते आणि त्यातला एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

"काम कसलं?" बाईंनी विचारलं.

"रोकोको."

"म्हणजे काय?"

बाईंची चूक नव्हती. त्यांना काका माहीत नव्हते. काकांनी अर्थ सांगितला आणि मग ते मुळाकडे वळले. मागे रांग वाढत गेली. एकजण कंटाळून घरी गेला, एकजण जेवून परत आला. बाई मात्र एका बोटाने कॉम्प्युटरची यादी खालीवर करत शांतपणे ऐकत होत्या, आणि काका राजेलोकांच्या बागेत पोचले तेव्हा त्यांचं बोट थांबलं.

"गुहा म्हणालात ना? आहे. 'उद्यान विभाग: कृत्रिम गुहा, धबधबे व कारंजी.' धबधबा आहे का?"

"छे, छे. बाई, गुहासुद्धा नाहीये. ती फक्त व्युत्पत्ती झाली."

"व्युत्पत्तीला रकाना नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं, कागद बाहेर आला, शिक्का बसला. "तिसरा मजला, दिवाणखाना, कृत्रिम गुहा एक. काम झालं की मी बघायला येईन. पुढचे कोण?"

काका कागद घेऊन बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी माणसाने त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, आणि तरीही काहीतरी बिनसलं होतं. पण शिक्का तर मिळाला होता. सेक्रेटरींनी कागद उलटसुलट बघितला, 'गुहा' हा शब्द दोनदा वाचला, आणि नाइलाजाने मान हलवली.

शिंपले आणि गोटे पोत्यांतून आले. ते नदीतून थेट काढलेले होते. ज्यांचे ते शिंपले, ती मंडळी त्यांतून अजून पूर्णपणे निघालेली नव्हती. काकू शाळेतून आल्या, दारातच थबकल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला.

"अहो, हे काय आणलंत?"

"अगं, मूळ रोकोको."

"मी पांढरा रंग सांगितला होता."

"रंग काय, चार दिवसांत पुन्हा ओल धरेल. हे बघ, ही मुळात गुहेची सजावट. गुहेत ओल असायचीच. म्हणजे आपली ओल आता दोष राहणार नाही, शोभा होईल."

रविवार तोंडावर आला होता, रंगारी आता मिळणार नव्हता, आणि भिंत तर काकांनी आधीच खरवडून ठेवली होती. "ताई हसली तर मी तुमच्याशी बोलणार नाही," एवढंच म्हणून त्या बादली आणि साबण घेऊन शिंपले धुवायला बसल्या. त्या तशा निमूट बसल्याचं बघून काकांना पहिल्यांदा थोडी भीती वाटली.

मग गवंडी आला. त्याने भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाला, "साहेब, ओल्या भिंतीवर सिमेंट धरत नाही."

"मग डिंक वापरा, कारखान्यातला," देखरेखीला आलेले इंजिनिअर म्हणाले.

"ओल्या भिंतीवर डिंकही धरत नाही."

"मग दोन्ही वापरा," इंजिनिअर म्हणाले. दोन न धरणाऱ्या वस्तू एकत्र केल्या की धरतात, हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं कोण जाणे. पण ते इतक्या ठामपणे म्हणाले, की काकांनी मान डोलावली.

दुसरा खोळंबा वळणांचा झाला. रोकोकोत डावं उजव्यासारखं नसतं आणि सरळ रेघ चालत नाही, असं डिक्शनरीत होतं. गवंडी ओळंबा हातात धरून उभा राहिला. "माझ्या हातनं वाकडं काम व्हायचं नाही. उद्या कुणी विचारलं, ही भिंत कुणाची, तर नाव माझं जाईल." शेवटी काकांनी स्वतः खडू घेतला. चित्रकलेत काका शाळेत असल्यापासून कच्चे. त्यांनी काढलेल्या वेली बघून, गोगलगायीला चक्कर आली असावी, असं वाटत होतं. इंजिनिअर प्रत्येक वेलीला एक पाऊल मागे जाऊन बघत आणि म्हणत, "अजून थोडी बिघडवा."

पण खोटं कशाला बोला, शनिवारी काम संपलं तेव्हा भिंत बरी दिसत होती. दिव्याच्या उजेडात शिंपल्यांच्या आतली बाजू चमकत होती. धुऊन धुऊन हात सुरकुतलेल्या काकू लांब उभ्या राहून बघत होत्या. "वास थोडा आहे," त्या म्हणाल्या, "पण वाईट नाही हो." काकांचा ऊर भरून आला. उद्या साडूंना काय काय सांगायचं, त्याची त्यांनी आरशासमोर तालीमसुद्धा केली.

रविवारी ताई आणि साडू आले. साडूंनी भिंत बघितली आणि चहाची बशी हातात तशीच धरून ते बघत राहिले. काका याच क्षणासाठी एवढे दिवस राबले होते. ते भिंतीपुढे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हा खरा रोकोको. त्याचं मूळ असं आहे, की..."

टप. एक शिंपला साडूंच्या बशीत पडला.

"हे चहाबरोबर आहे का?" साडूंनी विचारलं.

"चुकून एखादा," काका म्हणाले. तेवढ्यात दुसरा पडला, आणि मग तिसरा. काकूंनी बिस्किटांची बशी हाताने झाकली. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्या ताईकडे बघायचं टाळत होत्या. काकांना तो चेहरा दिसला आणि फ्रान्सच्या पुढचं सगळं ते साफ विसरून गेले.

त्याच वेळी दाराची घंटी वाजली. दारात वॉर्ड ऑफिसच्या बाई होत्या, हातात टेप आणि फाइल; साहेब रजेवर असल्यामुळे तपासण्या त्या रविवारी उरकत. मागे गंमत बघायला सेक्रेटरी, आणि त्यांच्या मागे आपलं बांधकाम म्हणून इंजिनिअर.

"मी गुहा बघायला आलेय," बाई म्हणाल्या.

"कुठली गुहा?" ताईने विचारलं.

"यांच्या हॉलमधली." बाईंनी भिंतीकडे बघितलं. "हीच का? हिचं तोंड कुठंय? आत जायचं कुठून?"

"आत जाता येत नाही," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"मग खोली किती लिहू?" बाई पुढे झाल्या आणि मजबुती बघायची म्हणून त्यांनी भिंतीवर टेपच्या डबीने दोनदा ठोकलं.

आधी एक वेल सुटली. मग दुसरी. मग सगळी भिंतच एकदा सुस्कारा टाकल्यासारखी हलली, आणि शिंपले, गोटे, सिमेंट, डिंक आणि खालचा जुना गिलावा असं सगळं एकदम जमिनीवर आलं. धुरळा उडाला. तो बसला तेव्हा भिंतीत विटा दिसत होत्या, विटांच्या मधून वरून आलेला एक गंजका पाइप दिसत होता, आणि त्या पाइपातून पाण्याची बारीक धार विटांवर उतरत होती.

साडू बशी ठेवून उठले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते आपल्या विषयाच्या जवळ आले होते. त्यांनी पाइपाला बोट लावलं आणि म्हणाले, "जॉइंट गेलाय. आज नाही, फार पूर्वीच. वरच्या बाथरूमचा आहे."

"वर कोण राहतं?" बाईंनी विचारलं.

"वर..." इंजिनिअर म्हणाले आणि त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं.

"ही ओल हवेतली..." सेक्रेटरी सवयीने बोलून गेले. पण ते पाइपाच्या अगदी जवळ उभे होते, आणि बोलता बोलता त्यांच्या टकलावर एक थेंब पडला. त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं.

बाईंनी फाइल उघडली. त्यांच्या यादीत गळक्या पाइपाला मात्र व्यवस्थित रकाना होता. पाइप सेक्रेटरींनी बदलायचा, भिंतही त्यांनीच नीट करून द्यायची, असं तिथल्या तिथे लिहून त्यांनी सेक्रेटरींची सही घेतली. काकू हे सगळं बघत होत्या. इतक्या सभांमध्ये घसा कोरडा करून जे झालं नव्हतं, ते काकांच्या गुहेने केलं होतं. त्यांनी काकांकडे बघितलं, आणि धुरळ्याने पांढऱ्या झालेल्या काकांना ती नजर रागाची आहे की कशाची, ते काही केल्या कळेना.

तेवढ्यात कसलासा आवाज झाला. ताई हसत होती. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडपणे, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकूंचा चेहरा आणखी पडला. ताईने त्यांचा हात धरला आणि त्यांना जवळ ओढलं.

"अगं, तुला नाही हसत," ताई म्हणाली. "नवीन घरात गेल्यापासून मी हसलेच नाहीये. तिथं भिंतीला टेकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. परवा छताचं एक सोन्याचं फूल यांच्या चहात पडलं, तर हे म्हणाले, कुणाला सांगू नकोस."

"लहानसंच होतं," साडू पुटपुटले. मग काकांकडे वळून म्हणाले, "तुमचं काय ते सांगत होतात, त्याचं मूळ. टवाळीचा शब्द आहे का हो तो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," साडू म्हणाले, आणि चहातला शिंपला चमच्याने बाजूला काढून त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. दोघी बहिणी त्या ढिगाऱ्याशेजारी, उघड्या विटांना पाठ लावून संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या.

भिंत नंतर नीट झाली. रंगारी आला आणि त्याने काकूंना विचारलं, "ऑफ-व्हाइट लावू की आयव्हरी?" 'आयव्हरी' या शब्दाची कूळकथा फार रंजक आहे. काकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "पांढरा," काका म्हणाले, आणि तोंड मिटलं. आता तिथे कॅलेंडर नाही, पडदा नाही. ताई आली की त्या भिंतीला पाठ टेकून बसते, आणि ती फार वेळा येते.

वॉर्ड ऑफिसचं मात्र एक उरलंच. फाइल बंद करायची तर बाईंना काम पूर्ण दाखवायला हवं होतं, आणि गुहा नाही असं लिहायचं तर आधी गुहा पाडायचा अर्ज हवा होता. तो अर्ज घेऊन बाईंकडे जायला काकूंनी काकांना बंदी घातली. त्यामुळे एक दिवस काम पूर्ण झाल्याचा दाखला शिक्क्यासकट घरी आला, आणि सरकारदरबारी तिसऱ्या मजल्यावर आजही एक कृत्रिम गुहा आहे, धबधबा नसलेली.

परवा साडूंनी जेवणाच्या खोलीतही सोनेरी काम करायला घेतल्याचं ताई फोनवर सांगत होती. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. डिक्शनरी दाराशी लावलेली होती आणि दार मुळीच आपटत नव्हतं. काका तिला उचलायला निघालेच होते, तेवढ्यात काकूंचा आवाज त्यांच्या कानावर आला आणि ते जागच्या जागी थांबले.

"करू देत गं भाऊजींना काय करायचं ते," काकू मान ताठ करून सांगत होत्या. "आमच्याकडे गुहा आहे. नोंदवलेली."